राजवाडा पडला, गरिबांचा चौक राहिला : यूएल्म गावच्या विटांचं प्रकरण

ऑक्सफर्डच्या आग्नेयेला, चिल्टर्न टेकड्यांच्या पायथ्याशी यूएल्म नावाचं छोटं गाव आहे. पंधराव्या शतकात इथे एका नवरा-बायकोने चार कामं काढली. टेकाडावरच्या जुन्या चर्चचा बुरूज तेवढा ठेवून बाकी चर्च नव्याने बांधलं. चर्चला लागून उतारावर तेरा गरीब म्हाताऱ्यांसाठी घरं बांधली. त्यांच्या खालच्या अंगाला शाळा. आणि पार खाली, सखल भागात, स्वतःसाठी खंदक असलेला राजवाडा. चर्च मुख्यतः दगडाचं; बाकीच्या तिन्ही कामांत वीट सढळ हाताने वापरलेली. आज चर्च, घरं आणि शाळा तिन्ही वापरात आहेत, आणि इंग्लंडच्या वारसा-यादीत तिन्ही पहिल्या श्रेणीत आहेत. राजवाड्याचा एक तुकडा उरलाय, तोही नंतरच्या एका घराच्या पोटात.

मालक तेच, गाव तेच, वीट तशीच आणि बांधणीचा काळही जवळपास एक. मग राजवाडा पडला आणि गरिबांची घरं का राहिली? मला या प्रकरणात खरा रस आहे तो याच प्रश्नात. पण त्याआधी दुसरा प्रश्न सोडवावा लागतो: १४३७ साली या गावात वीट आलीच कशी? कारण ती यावी अशी परिस्थिती तिथे नव्हती.

वीट कुठून आली

यूएल्मच्या जमिनीखाली खडूचा मऊ, पांढरा खडक आहे आणि त्यात फ्लिंटचे, म्हणजे गारगोटीसारख्या कठीण दगडाचे, वेडेवाकडे गोटे. टेकडीवर झाडी. त्यामुळे सामान्य माणसाचं घर म्हणजे ओकच्या लाकडाचा सांगाडा, सांगाड्याच्या खणांत कुडाच्या भिंती आणि वर गवताचं छप्पर. ज्याच्याकडे पैसा असेल तो लांबून चांगला दगड आणायचा. वीट या हिशेबात कुठेच बसत नव्हती.

रोमन लोकांनी ब्रिटनमध्ये विटा भाजल्या होत्या, पण ते गेले आणि त्यांच्याबरोबर ती कलाही गेली. पुढची काही शतकं लोक रोमन भिंतींच्या विटा उपसून वापरत होते. सेंट ऑल्बन्सच्या मोठ्या चर्चचा बुरूज अशाच उपसलेल्या विटांचा आहे. नव्या विटा परत दिसू लागल्या त्या पूर्व किनाऱ्याच्या बाजूला, एसेक्स-सफोककडे, आणि त्यानंतर हल-बेव्हर्ली या भागात. याचं कारण व्यापार. समोरच्या किनाऱ्यावर, फ्लँडर्स (आजच्या बेल्जियमकडचा भाग) आणि उत्तर जर्मनीत, दगड नाही पण चिकणमाती भरपूर. तिथली शहरंच्या शहरं विटांची. लोकर घेऊन जाणारी जहाजं तिथे ये-जा करायची, आणि त्यांच्याबरोबर माणसं, सवयी, आवडीनिवडीही. हल शहराच्या तटबंदीला लाखांनी विटा लागल्या. शेजारच्या बेव्हर्लीची उत्तर वेस १४०९ साली बांधली तेव्हा तिला सव्वा लाखाच्या आसपास विटा लागल्या. ती आजही उभी आहे.

आता यूएल्मच्या मालकाकडे बघू. विल्यम डी ला पोल, सफोकचा अर्ल, पुढे ड्यूक झाला. त्याचा पणजोबा, नावाने विल्यमच, हलचा लोकरीचा व्यापारी. तो हलचा पहिला महापौर झाला, तिसऱ्या एडवर्ड राजाला त्याने कर्ज दिलं आणि त्यातून घराणं वर आलं. आजोबांनी हलमध्ये विटांचा वाडा बांधला. म्हणजे ज्या वस्तूकडे बाकीचे सरदार परदेशी नवलाई म्हणून बघत असतील, ती या माणसाच्या घरची होती. यूएल्मच्या विटांची चर्चा निघाली की बहुतेक जण हे उत्तर देऊन मोकळे होतात: हलचा माणूस, म्हणून वीट.

उत्तर चुकीचं नाही, पण अर्धं आहे. गाव मुळात विल्यमचं नव्हतं, बायकोचं होतं. ॲलिस चॉसर ही कवी जेफ्री चॉसरची नात. तिचे वडील थॉमस चॉसर पाच वेळा हाउस ऑफ कॉमन्सचे सभापती झालेले, आणि यूएल्म त्यांना बायकोच्या माहेराकडून मिळालेलं. याच थॉमस चॉसरच्या पालकत्वाखाली एक मुलगा वाढला: थॉमस स्टोनर. स्टोनर घराण्याचं घर यूएल्मपासून काही मैलांवर, टेकड्यांच्या कुशीत. १४१६-१७ मध्ये या स्टोनरने घरच्या चॅपलला, म्हणजे खासगी प्रार्थनाघराला, विटांचा बुरूज बांधून घेतला, आणि कारागीर होते फ्लेमिश, म्हणजे फ्लँडर्सचे. त्या कामाचा हिशेब टिकून आहे. क्रॉकर एंड इथून दोन लाख विटा, किंमत ४० पौंड. वाहतूक १५ पौंड.

क्रॉकर एंड म्हणजे नेटलबेड गावचा एक भाग. टेकड्यांच्या माथ्यावरचं हे गाव यूएल्मपासून आठ-नऊ किलोमीटर. खडूच्या थरावर तिथे चांगली चिकणमाती सापडते, आणि भोवती जंगल असल्याने भट्टीला जळणाची ददात नाही. १३६५ मध्ये वॉलिंगफर्डच्या किल्ल्यासाठी ३५,००० कौलं इथेच भाजली होती. म्हणजे ॲलिस लहान असताना, तिच्या घरोब्यातल्या माणसाने, तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, स्थानिक माती आणि परदेशी हात वापरून वीटकाम करून दाखवलं होतं. माझ्या मते यूएल्मची वीट नवऱ्याच्या गावाइतकीच बायकोच्या शेजारामुळे आली. आवड हलची असेल. पण भट्टी, माती आणि गाडीवाट इथलीच होती.

त्या हिशेबातली वाहतूक जरा थांबून बघण्यासारखी आहे. ४० पौंडांच्या मालाला १५ पौंड गाडीभाडं, आणि तेसुद्धा जेमतेम पाच किलोमीटरसाठी. पौंडाला तेव्हा २० शिलिंग; म्हणजे हजारी ४ शिलिंग विटेचे आणि दीड शिलिंग नुसता नेण्याचा. हलहून विटा यूएल्मला आणायच्या ठरवल्या असत्या तर भाडंच विटेच्या कितीतरी पट झालं असतं. त्या काळी वीट जिथे लागेल तिथे किंवा शेजारीच भाजत. प्रवास करायचे ते कारागीर.

काळही बघा. यूएल्मच्या घरांना राजाचा परवाना मिळाला १४३७ मध्ये. सर जॉन फास्टॉल्फने नॉरफोकमध्ये कॅस्टरचा किल्ला १४३२ मध्ये सुरू केला होता, खजिनदार राल्फ क्रॉमवेल टॅटर्सहॉलचा प्रचंड विटांचा बुरूज उभारत होता, १४४१ मध्ये हर्स्टमॉन्सोचं काम निघालं. सगळे एकाच दरबारातले, सगळे फ्रान्सच्या लढाईत किंवा राजाच्या नोकरीत पैसा कमावलेले. त्याच १४४१ मध्ये सहाव्या हेन्रीने ईटन कॉलेजची पायाभरणी केली, ज्याच्यासाठी स्लाउच्या भट्टीतून सुमारे २५ लाख विटा आल्या. या राजाच्या कानाशी सर्वांत जास्त वेळ जो माणूस होता तो सफोकच. गरीब म्हातारे, प्रार्थना करणारे पुरोहित आणि फुकट शिकणारी मुलं एकत्र ठेवायची ही कल्पना ईटनच्या मूळ आराखड्यातही होती. राजाने ती मोठ्या प्रमाणावर केली. यूएल्मला ती चार वर्षं आधी, गावच्या मापात दिसते.

चौक आतून

इंग्लंडमध्ये अशा जागेला आम्सहाउस म्हणतात. यूएल्मच्या आम्सहाउसचं नाव गॉड्स हाउस. रचना आपल्याकडच्या वाड्यासारखी: मधे उघडा चौक, चौकात विहीर, चारी बाजूंनी लाकडी खांबांवर तोललेली पडवी, आणि पडवीत उघडणारी दारं. प्रत्येक म्हाताऱ्याला खाली एक खोली आणि वर एक. प्रत्येकाचं दार वेगळं, चूल वेगळी. मध्ययुगातल्या धर्मादाय जागांमध्ये लांबच लांब दालनात खाटा मांडून माणसं ठेवण्याची पद्धत होती. त्या मानाने ही फार वेगळी गोष्ट. माणूस दानावर जगतोय, पण स्वतःच्या दाराला कडी लावू शकतो.

चौकाच्या आतल्या भिंती पूर्ण विटांच्या नाहीत. ओकचा सांगाडा तसाच, फक्त त्याच्या खणांत कुडाऐवजी विटा भरलेल्या. जुनी सुतारकीची चाल मोडलेली नाही, तिच्यात नवी वस्तू बसवली आहे. गावच्या सुताराला जे येत होतं ते त्याने केलं, आणि वीटवाल्याने त्याच्या चौकटीत आपलं काम केलं. मला या इमारतीत हा भाग सर्वांत आवडतो, कारण इथे दोन कसब एकमेकांना न अडवता शेजारी उभे आहेत.

बाहेरच्या अंगाला, प्रवेशाच्या बाजूला, मात्र वीटवाल्याला मोकळं सोडलेलं दिसतं. तिथली दर्शनी देवडी पूर्ण विटांची. तिच्या माथ्याची त्रिकोणी भिंत सरळ उतरत नाही, तर पायऱ्यापायऱ्यांनी उतरते. ही पद्धत फ्लँडर्समधली. ब्रूजच्या रस्त्यावर अशी घरं ओळीने दिसतात. भिंतीवर तीन पाकळ्यांच्या कमानी आहेत, त्याही विटेतून घडवलेल्या. दगडात असं काम करायला पाथरवट हवा आणि दगडही हवा. विटेत ते भाजण्याआधी साच्यात किंवा भाजल्यावर घासून करता येतं. हे काम गावच्या हाताचं नाही, हे बघताक्षणी कळतं.

त्या काळच्या विटेचा स्वभाव आजच्या विटेपेक्षा वेगळा. माती शरद ऋतूत खणून थंडीभर उघड्यावर टाकायची, दव आणि बर्फाने ती फुटून मऊ व्हायची. वसंतात मळून लाकडी साच्यात थापायची, सुकवायची, उन्हाळ्यात भाजायची. वीट पातळ, साधारण पाच सेंटीमीटर जाडीची. साचा एक असला तरी सुकताना आणि भाजताना प्रत्येक वीट आपल्या मनाने आकसते, वाकते. भट्टीत आचेजवळची काळपट, मधली लाल, कडेची फिकट. अशा वाकड्यातिकड्या विटा सरळ थरात बसवायच्या तर दर्जा, म्हणजे विटांमधले सांधे, रुंद ठेवावे लागतात आणि सगळी तफावत चुन्यात जिरवावी लागते. चुना मात्र पायाखाली होता; खडूचा खडक भाजला की चुना तयार. आडव्या-उभ्या विटांचा जो काटेकोर नमुना पुढच्या शतकांत दिसतो, त्याची अपेक्षा इथे ठेवायची नाही. गवंड्याने जी वीट हाताला आली ती जिथे बसेल तिथे बसवली, आणि सांधमोड झाली, म्हणजे उभे सांधे एकावर एक आले नाहीत, की पुरे.

जागेची निवडही विचारपूर्वक आहे. चर्चच्या पश्चिम दारातून पायऱ्या उतरल्या की माणूस थेट चौकाच्या पडवीत येतो. म्हाताऱ्यांना दिवसातून अनेकदा प्रार्थनेला जावं लागायचं. पावसात, बर्फात रस्ता ओलांडायला नको. चौकाच्या पलीकडे उतारावर शाळा. तीही विटांची, खिडक्यांना दगडी चौकटी आणि बाहेर आलेली भक्कम धुराडी. याच इमारतीत आजही गावची सरकारी प्राथमिक शाळा भरते. देशातली सर्वांत जुनी चालू शाळा-इमारत आपलीच, असा गावाचा दावा असतो. असे दावे इंग्लंडमध्ये प्रत्येक तालुक्याला एक असतात, म्हणून मी त्यात शिरत नाही. पण साडेपाचशे वर्षांपूर्वी पोरांना लॅटिन शिकवायला बांधलेल्या इमारतीत आज पोरं पाढे म्हणतात, एवढं खरं.

पैशाची तजवीज

आता मूळ प्रश्न. ॲलिस आणि विल्यमने विटा रचल्या आणि हात झटकले, असं केलं नाही. त्यांनी तीन गावांचं उत्पन्न कायमचं या संस्थेला लावून दिलं: बकिंगहॅमशायरमधलं मार्श गिबन, विल्टशायरमधलं कोनॉक आणि हॅम्पशायरमधलं रॅमरिज. तिन्ही वेगवेगळ्या परगण्यांत. एका भागात पीक बुडालं तरी तिन्हीकडे एकदम बुडण्याची शक्यता कमी.

नियमावली बारकाव्यांनी भरलेली आहे. दोन पुरोहित, एक संस्थेचा प्रमुख, दुसरा शाळेचा शिक्षक. दोघांना वर्षाला प्रत्येकी १० पौंड. तेरा गरिबांपैकी एक जण बाकीच्यांवर देखरेख करणारा. त्याला आठवड्याला १६ पेन्स, इतर बाराजणांना १४ पेन्स. अंगावर लाल क्रूस असलेला झगा. प्रार्थना चुकवली की दंड. चौक आणि विहिरीचा परिसर म्हाताऱ्यांनीच तण काढून स्वच्छ ठेवायचा.

पौंडाला तेव्हा २४० पेन्स. बाराजणांचे वर्षाचे ३६ पौंड ८ शिलिंग, देखरेख करणाऱ्याचे साधारण साडेतीन पौंड. तेराजणांचा वर्षाचा खर्च मिळून जवळजवळ ४० पौंड. स्टोनरने दोन लाख विटांना दिले तेवढेच. म्हणजे बुरुजाच्या विटा एकदाच विकत घ्यायला जो पैसा लागला, तेवढा पैसा इथे दर वर्षी, न थांबता, माणसांवर खर्च होणार होता. बांधकामाचा आकडा मोठा वाटतो, पण चालवण्याचा आकडाच नेहमी मोठा असतो. देणगी देऊन इमारतीवर नाव कोरून घेणाऱ्यांना हे गणित सहसा कोणी सांगत नाही.

तणाचा नियम किरकोळ वाटेल. पण चुन्याच्या भिंतीच्या पायथ्याशी झाडोरा वाढला की ओल धरते, मुळं दर्जांत शिरतात आणि वीट सुटते. रोज तेरा माणसं तिथे राहतात, गळतं छप्पर त्यांच्याच डोक्यावर गळतं, म्हणून तक्रारही त्याच दिवशी होते. तक्रार ऐकायला प्रमुख आहे, आणि दुरुस्तीला तीन गावांचं उत्पन्न.

राजवाड्याचं काय झालं

राजवाडा कसा होता हे जॉन लेलंडमुळे कळतं. आठव्या हेन्रीच्या काळात त्याने देशभर फिरून टिपणं केली. बाहेरचा चौक वीट आणि लाकडाचा, आतला भाग खंदकाने वेढलेला, वीट आणि दगडाचा, श्रीमंती थाटाचा. दिवाणखान्यात आडव्या लाकडी तुळयांऐवजी लोखंडी दांडे होते, याची त्याने मुद्दाम नोंद केली आहे. बांधकाम म्हणून राजवाडा गरिबांच्या चौकापेक्षा सरस होता, यात शंका नको.

पण तो एका घराण्याशी बांधलेला होता, आणि घराण्याचे दिवस फिरले. फ्रान्समधली हार सफोकच्या माथी मारली गेली. १४५० मध्ये त्याला देशाबाहेर घालवलं, आणि वाटेत समुद्रावरच त्याला पकडून, होडीच्या काठावर मान टेकवून, मारलं. ॲलिस त्यातून सावरली. तिने जमिनी राखल्या, राजकारणात बाजू बदलली आणि १४७५ पर्यंत जगली. चर्चमध्ये तिची संगमरवरासारख्या ॲलाबास्टरमधली समाधी आहे, डाव्या हातावर गार्टर या सन्मानाचा पट्टा. आणि त्याखाली, जमिनीलगतच्या जाळीआड, तिच्याच कुजत चाललेल्या देहाचं शिल्प. बघणाऱ्याला वाकूनच बघावं लागतं.

नातू एडमंडच्या अंगात राजघराण्याचं रक्त होतं. तेच त्याला भोवलं. यूएल्म जप्त होऊन राजाकडे गेलं, आणि १५१३ मध्ये आठव्या हेन्रीने त्याचं डोकं उडवलं. राजाकडे असे वाडे पुष्कळ. हेन्री तिथे अधूनमधून राहायचा, पण अधूनमधून राहिल्याने घर राहत नाही. ज्याचं घर त्याचं त्याला नको, आणि राखायला बांधील असं दुसरं कोणी नाही. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला झालेल्या पाहणीतच वाडा मोडकळीला आल्याची नोंद आहे. पुढे तो उतरवला गेला. उरली ती एका बाजूच्या खोल्यांची ओळ, आणि तिच्याभोवती जॉर्जियन काळात, म्हणजे अठराव्या शतकाच्या आसपास, नवं घर झालं.

गरिबांच्या चौकावरही वाईट वेळ आली नाही असं नाही. १५४७ च्या कायद्याने मृतांच्या आत्म्यासाठी प्रार्थना करणाऱ्या संस्था बंद झाल्या, त्यांच्या मालमत्ता जप्त झाल्या. गॉड्स हाउसचं अर्धं काम तेच होतं. पण उरलेलं अर्धं म्हणजे तेरा जिवंत माणसं आणि एक शाळा. संस्था वाचली. संस्थापकांनी पुण्य आणि उपयोग एकाच छपराखाली ठेवले होते. पुण्याचा कायदा बदलला तेव्हा उपयोगाने इमारत सांभाळली. १६१७ मध्ये पहिल्या जेम्सने संस्थेचं प्रमुखपद ऑक्सफर्डच्या वैद्यकशास्त्राच्या रीजियस, म्हणजे राजाने स्थापलेल्या पदावरच्या, प्राध्यापकाला जोडून टाकलं. ऐकायला विचित्र, पण परिणाम चांगला झाला: प्रमुख कोण, यावर भांडण नाही, कारण पद आपोआप भरतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विख्यात डॉक्टर विल्यम ऑस्लर असे प्रमुख झाले. ते यूएल्मला हौसेने येऊन राहायचे, आणि संस्थेची जुनी कागदपत्रं त्यांनी दुरुस्त करून घेतली.

गावातली बाकीची घरं

राजाच्या माणसांची वीट गावकऱ्यांच्या घरात शिरायला दोनशे वर्षं गेली. चिल्टर्नच्या गावांत ती आधी आली धुराड्याच्या रूपाने. लाकडी, गवताच्या छपराच्या घरात मधोमध उघडी चूल म्हणजे आगीला आमंत्रण. विटांचं धुराडं बांधलं की धूर गेला, भीती कमी झाली आणि वर माळा टाकता आला. मग वीट आली कोपऱ्यांवर. फ्लिंटचा गोटा गोल आणि काचेसारखा गुळगुळीत, त्याला काटकोन माहीत नाही. म्हणून भिंतीचं पोट फ्लिंटचं, पण कोपरे, खिडक्या-दारांच्या कडा आणि मधूनमधून एखादा आडवा पट्टा विटांचा. हा पट्टा शोभेचा वाटतो, पण तो भिंतीला बांधून ठेवतो.

अठराव्या शतकात पूर्ण विटांची दर्शनी भिंत परवडू लागली. लाकूड जाळून चालणाऱ्या भट्टीत काही विटांच्या टोकांवर निळसर करडी काचेची झिलई चढते. फ्लेमिश बाँडमध्ये प्रत्येक थरात एक लांब वीट, एक टोक अशी पाळीपाळीने मांडणी असते. टोकाला झिलईच्या विटा वापरल्या की लाल-निळा बुद्धिबळाचा पट तयार होतो. या भागातल्या गावांत अशा भिंती पुष्कळ. यूएल्ममधून हिंडताना पंधराव्या शतकातली रुंद दर्जांची, मनमानी भिंत आणि तीनशे वर्षांनंतरची ही शिस्तीची भिंत यांतला फरक नजरेला लगेच कळतो. १७८४ मध्ये सरकारने विटांवर हजारी कर बसवला तेव्हा काही भट्टीवाल्यांनी वीटच मोठी केली. कर नगावर, आकारावर नाही. सरकारने पुढे मोठ्या विटेवर जास्त कर लावून ती पळवाट बुजवली. १८५० मध्ये कर उठला, रेल्वेने लांबच्या स्वस्त विटा आणल्या, आणि नेटलबेडसारख्या भट्ट्यांचे दिवस भरले. तिथली बाटलीच्या आकाराची एक भट्टी तेवढी राहिली आहे. शेवटी शेवटी ती चुना भाजायला वापरली, १९३८ पर्यंत. आता ती नव्या घरांच्या वसाहतीत मधोमध उभी आहे.

दुरुस्ती आणि फेरफार

जुन्या विटेचा सर्वांत मोठा शत्रू पाऊस नाही, सिमेंट आहे. विसाव्या शतकात इंग्लंडभर लोकांनी चांगल्या हेतूने चुन्याच्या दर्जा खरवडून त्यांत सिमेंट भरलं. चुन्यातून भिंतीतली ओल बाहेर पडते. सिमेंटमधून पडत नाही, मग ती विटेतून बाहेर यायला बघते. हिवाळ्यात ते पाणी विटेच्या कातडीखाली गोठतं, फुगतं, आणि पोपडे उडतात. दर्जा शाबूत आणि वीट खड्ड्यात गेलेली, अशी भिंत दिसली की समजावं कोणीतरी काटकसर केली होती. पाच-सहाशे वर्षं जुनी, कमी आचेवर भाजलेली वीट तर मऊच. तिला विटेपेक्षा मऊ सांधा लागतो, जो झिजला की पुन्हा भरता येतो. असं काम संथ आणि महाग. ज्या मालकाला घर दहा वर्षांत विकायचं आहे त्याला ते परवडत नाही, आणि ज्या संस्थेला कायमचं राहायचं आहे तिला दुसरं काही परवडत नाही.

१९७० च्या सुमारास गॉड्स हाउसमध्ये मोठा फेरफार झाला. तेरा जागांच्या आठ केल्या, म्हणजे प्रत्येकात न्हाणीघर, स्वयंपाकघर बसवता आलं. त्यावर नाकं मुरडणारे असतात: संस्थापकांनी तेरा म्हटलं होतं, तेरा हा आकडाच ख्रिस्त आणि बारा शिष्यांचा. मला तो बदल योग्य वाटतो. वर-खाली एकेक खोली आणि चौकातल्या विहिरीचं पाणी ही १४३७ मध्ये चैन होती, १९७० मध्ये हाल झाले असते, आणि रिकाम्या खोल्यांचं काय होतं ते गावात खाली खंदकाच्या जागी बघायला मिळतं. बाहेरची देवडी, चौक, पडवी, सांगाड्यातल्या विटा यांना हात लावला नाही. भिंतींच्या आत हलवाहलव केली. भाडेकरू आजही वयस्कर माणसंच आहेत, कारभार यूएल्म ट्रस्टकडे आहे, आणि ऑक्सफर्डचे वैद्यकशास्त्राचे रीजियस प्राध्यापक अजूनही पदसिद्ध प्रमुख आहेत.